चार औषधांची एक गोळी: क्षयरोगाचा एकत्रित उपचार घरी सुरक्षितपणे पूर्ण कसा करावा

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून प्रौढ रुग्णाला पहिले दोन महिने जी गोळी मिळते, त्या एका गोळीत चार औषधे असतात: आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन १५० मिलिग्रॅम, पायराझिनामाइड ४०० मिलिग्रॅम आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. पुढच्या चार महिन्यांच्या गोळीत पायराझिनामाइड नसते. बाकीची तीन औषधे त्याच प्रमाणात असतात. हा लेख या गोळ्या घेणाऱ्या रुग्णासाठी आणि त्याहूनही अधिक, रुग्णाच्या घरात रोज पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या माणसासाठी लिहिला आहे. औषध कोणते, किती आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवतात. ते ठरल्यानंतर सहा महिने घरात काय करायचे, याची माहिती मात्र अनेकदा पहिल्या दिवशी घाईघाईत दिली जाते आणि आजारपणाच्या काळजीत ती लक्षातही राहत नाही.

चार औषधे एकत्र का, हे आधी समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यातूनच निघते. क्षयाच्या जंतूंची संख्या वाढत असताना काही जंतू निसर्गतःच एखाद्या औषधाला दाद न देणारे निपजतात. आयसोनियाझिडच्या बाबतीत असा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, तर रिफाम्पिसिनच्या बाबतीत सुमारे दहा कोटींत एक. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकेका औषधाला पुरून उरणारे जंतू तिथे पहिल्या दिवसापासूनच असतात. परंतु दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू सापडण्याची शक्यता या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतकी दुर्मीळ असते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी सुधारले, पण पुढे त्यांतील बऱ्याच जणांच्या थुंकीतले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हापासून क्षयाच्या आजारावर एकच औषध देत नाहीत. ‘ही गोळी मोठी आहे, तिच्यातले एखादे औषध कमी करून द्या’ किंवा ‘चारपैकी दोनच गोळ्या घेतो, पोटाला सोसत नाहीत’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा तो नकळत याच संरक्षणाला भोक पाडत असतो.

पहिली पायरी: गोळी सुरू करण्यापूर्वी

थुंकीची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली झाली असली, तरी जंतूंच्या जनुकांवर आधारित तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या नावांनी ती ओळखली जाते. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केले असून ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही ही तपासणी होऊ शकते. या तपासणीतून जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात की नाही, हेही कळते. दाद देत नसतील, तर वर सांगितलेली चार औषधांची गोळी त्या रुग्णासाठी नाही. त्याचा उपचार बेडाक्विलिनसारख्या वेगळ्या औषधांनी आणि वेगळ्या देखरेखीखाली होतो. पूर्वी कधी टीबीचा उपचार घेतला असेल, तो अर्धवट सोडला असेल किंवा घरात औषधांना दाद न देणारा टीबी कोणाला झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. ही माहिती लपवल्यास सर्वांत मोठे नुकसान रुग्णाचेच होते.

त्याच भेटीत रक्तातील साखर आणि एचआयव्ही यांची तपासणी होते. मद्यपान, पूर्वी झालेली कावीळ, मूत्रपिंडाचा आजार, दृष्टीचा त्रास, गर्भारपण आणि चालू असलेली सर्व औषधे, अगदी काढे आणि भस्मेसुद्धा, डॉक्टरांना सांगावीत. माझा आग्रह असा, की नावे आठवत बसण्यापेक्षा घरातील औषधांची पिशवीच सोबत न्यावी. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील, तर पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल यांचे वेळापत्रक बदलावे लागते आणि मग एकत्रित गोळी सोयीची राहत नाही. गर्भवती स्त्रीला ही चारही औषधे देता येतात आणि बाळाला अंगावर पाजणेही थांबवावे लागत नाही. केवळ गरोदरपणाच्या भीतीने उपचार लांबवणे हेच आई आणि बाळ दोघांसाठी अधिक धोक्याचे आहे.

दुसरी पायरी: वजनाप्रमाणे गोळ्या

गोळ्यांची संख्या वयावरून किंवा आजार किती ‘जास्त’ आहे यावरून ठरत नाही. ती वजनावरून ठरते. प्रौढांसाठी सध्याचे गट असे आहेत: २५ ते ३४ किलो वजनाला रोज २ गोळ्या, ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४, ६५ ते ७५ किलोला ५ आणि त्याहून अधिक वजनाला ६ गोळ्या. चप्पल काढून, शक्यतो त्याच काट्यावर, दर महिन्याला वजन करावे आणि ते उपचाराच्या कार्डावर लिहून घ्यावे. उपचार लागू पडला की भूक परत येते आणि वजन वाढते. ४७ किलोचा माणूस दोन-तीन महिन्यांत ५३ किलोचा झाला, तर तीन गोळ्या त्याला कमी पडतात. हा बदल आरोग्य केंद्रात कोणी आपणहून करीलच असे गृहीत धरू नये. वजनाचा आकडा दाखवून स्पष्टपणे विचारावे. मात्र स्वतःच्या मनाने संख्या वाढवू नये.

सरकारी पुरवठ्यात एका पाकिटात साधारणपणे २८ गोळ्या असतात, त्यामुळे हिशेब सोपा होतो: रोज जितक्या गोळ्या, तितकी पाकिटे २८ दिवसांना पुरतात. पहिल्या टप्प्यात ५६ आणि दुसऱ्या टप्प्यात ११२, असे एकूण १६८ दिवसांचे डोस पूर्ण व्हायला हवेत. पाकिटे घरी आणताना ती मोजून घ्यावीत आणि पाकिटावरील औषधांची नावे कार्डावरील नावांशी पडताळून पाहावीत, कारण चार औषधांची आणि तीन औषधांची पाकिटे दिसायला सारखी असू शकतात.

लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या वेगळ्या गोळ्या असतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड एका गोळीत असतात, तर इथॅम्ब्युटॉलची १०० मिलिग्रॅमची गोळी वेगळी दिली जाते. ती दुसरी गोळी देण्याचे राहून जाण्याची शक्यता खरोखर असते, म्हणून दोन्ही पाकिटे एकाच डब्यात ठेवावीत. मोठ्यांची गोळी तोडून लहान मुलाला देऊ नये. त्यातील औषधांचे प्रमाण मुलांसाठी योग्य नसते.

तिसरी पायरी: रोजची वेळ

दिवसाच्या सर्व गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतात, दोन सकाळी आणि दोन रात्री अशा विभागून नव्हे. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी अधिक चांगले शोषले जाते, म्हणून जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी गोळ्या घ्याव्यात. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन गोळ्या घ्याव्यात आणि तासाभराने न्याहारी करावी, हे बहुतेक घरांत जमते. मळमळ असह्य होत असेल, तर डॉक्टरांना विचारून थोड्या पेजेबरोबर किंवा दोन बिस्किटांबरोबर त्या घेता येतात. शोषण थोडे कमी झाले तरी चालेल, पण औषध बंद पडता कामा नये. पित्तासाठी घेतली जाणारी ॲल्युमिनियमयुक्त पातळ औषधे या गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवावीत.

घरातील वडीलधारी माणसे कधी कधी सांगतात, की ‘आमच्या वेळी गोळ्या एक दिवसाआड होत्या.’ ते खरे आहे. सरकारी कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस औषध देत असत. २०१७पासून देशभर रोजच्या डोसची पद्धत आली आणि गोळीतील औषधांचे प्रमाण रोजच्या हिशेबाने ठरवले आहे. जुन्या आठवणीवर विसंबून एक दिवसाआड गोळी घेतली, तर औषध निम्मेच पोटात जाते.

उपवासाच्या दिवशी गोळी सोडू नये; ती पाण्याबरोबरच घ्यायची आहे. रोजाच्या महिन्यात वेळ बदलून ती पहाटे किंवा सूर्यास्तानंतर घेता येते, पण हा बदल आरोग्य कर्मचाऱ्याला सांगून करावा. गोळ्या पाकिटातून आधीच काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवू नयेत. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड एकत्र असलेली गोळी दमट हवेत खराब होते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर अशा उघड्या गोळ्या काही दिवसांतच भुरभुरीत होऊ लागतात. पाकीट कोरड्या कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवावे. आयसोनियाझिड चुकून जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात. असे घडल्यास पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

चौथी पायरी: सोबतच्या औषधांवर नजर

रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे नेहमीपेक्षा वेगाने निकामी करायला लावते. त्यामुळे पूर्वीपासून चालू असलेले औषध, मात्रा तीच असूनही, अचानक अपुरे पडू लागते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्यांचा परिणाम घटतो आणि साखर वाढते, म्हणून उपचाराच्या पहिल्या महिन्यांत साखर वारंवार तपासावी. अनेकांना काही काळ इन्सुलिन घ्यावे लागते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, फेफऱ्यावरचे फेनिटॉइन आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांचेही असेच होते. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राविर घेणाऱ्याला ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते. गर्भनिरोधक गोळ्यांवर या काळात विसंबता येत नाही. तांबी किंवा निरोध वापरावा आणि रिफाम्पिसिन संपल्यानंतरही साधारण महिनाभर हीच काळजी घ्यावी. उलट बाजूही ध्यानात ठेवावी: उपचार संपल्यावर वाढवलेल्या मात्रा पुन्हा कमी कराव्या लागतात, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

किनारपट्टीवरील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बांगडा, कुपा यांसारखे मासे नीट बर्फात ठेवले नाहीत, तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते आणि आयसोनियाझिड ते शरीरातून निकामी करण्याच्या कामात अडथळा आणते. असे मासे खाल्ल्यावर चेहरा लालबुंद होणे, डोके दुखणे, धडधडणे असा त्रास झाला, तर तो औषधाची ॲलर्जी समजून उपचार सोडला जाण्याची भीती असते. मासळी बंद करण्याची गरज नाही, पण शिळा बांगडा या सहा महिन्यांत टाळावा. दारू मात्र पूर्ण बंद हवी, कारण या गोळीतील तीन औषधे यकृतावर ताण आणणारी आहेत.

पाचवी पायरी: त्रास ओळखणे

या पायरीवर बहुसंख्य उपचार अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू. लघवी, घाम आणि डोळ्यांतील पाणी केशरी-लालसर होणे हा रिफाम्पिसिनचा रंग आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. पहिल्या दिवशी हे न सांगितल्यामुळे ‘लघवीतून रक्त जाते’ या समजुतीने औषध सोडणारे रुग्ण आजही असतात. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या कायमच्या रंगू नयेत म्हणून या काळात चष्मा वापरावा.

याच रंगामुळे कावीळ झाकली जाऊ शकते, हे घरच्यांनी पक्के लक्षात ठेवावे. लघवीच्या रंगावरून निष्कर्ष न काढता दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. तो पिवळा दिसू लागला, किंवा त्याच्याही आधी अन्नाचा वास नकोसा झाला, उलट्या थांबेनात, उजव्या बरगडीखाली दुखू लागले आणि अंगात काहीच त्राण उरले नाही, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्ततपासणीत यकृतातील विकर (एन्झाइम) लक्षणांसह तिपटीहून अधिक किंवा लक्षणांशिवाय पाचपटीहून अधिक वाढलेले आढळले, तर सर्व औषधे तात्पुरती थांबवतात. यकृत सावरल्यावर ती एकेक करून, साधारणतः रिफाम्पिसिनपासून, पुन्हा सुरू करतात. म्हणजे एकत्रित गोळी काही काळ सुटी करावी लागते, पण ते काम डॉक्टरांचे आहे. कावीळ ‘उतरवून’ देणाऱ्याकडे जाण्याचा आपल्याकडचा रिवाज या वेळी जिवावर बेतू शकतो, कारण यकृताला इजा करणारे औषध पोटात जाणे थांबलेले नसते आणि त्यात एखाद्या गावठी मुळीची भर पडते.

इथॅम्ब्युटॉलचा दुर्मीळ पण गंभीर परिणाम डोळ्यांच्या मज्जातंतूवर होतो. त्यासाठी घरातल्या घरात एक साधी सवय लावावी: दर रविवारी एक डोळा झाकून दुसऱ्याने वर्तमानपत्रातील बारीक अक्षर वाचावे, मग डोळा बदलावा, आणि लाल व हिरव्या मिरचीचा रंग पूर्वीसारखाच वेगळा दिसतो का ते पाहावे. अक्षर धूसर किंवा लाल-हिरव्याचा भेद पुसट वाटला, तर ते औषध लगेच थांबवावे लागते. ते एकत्रित गोळीतच असल्याने पुढची गोळी घेण्याआधी आरोग्य केंद्र गाठावे. लवकर थांबवल्यास दृष्टी बहुधा परत येते; उशीर झाल्यास ती परत येईलच असे नाही.

हातापायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे हा आयसोनियाझिडचा परिणाम असून पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, घेतल्याने तो टळतो. मधुमेही, गर्भवती, कुपोषित, मद्यपान करणारे आणि एचआयव्हीबाधित यांना ते सुरुवातीपासूनच मिळायला हवे. कार्डावर नसेल तर विचारावे. सांधेदुखी बहुधा पायराझिनामाइडमुळे युरिक आम्ल वाढल्याने होते आणि पहिल्या टप्प्याबरोबर ती ओसरते. साधी खाज साध्या औषधाने थांबते, परंतु अंगभर पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा कातडी सुटणे असे दिसल्यास सर्व गोळ्या थांबवून तातडीने रुग्णालयात जावे. त्वचेखाली जांभळे ठिपके उमटले, हिरड्यांतून रक्त आले किंवा लघवी एकदम कमी झाली, तर हेच करावे. रिफाम्पिसिनमुळे असे घडल्याचे निश्चित झाले, तर ते औषध त्या रुग्णाला पुन्हा कधीही दिले जात नाही.

गाठीच्या टीबीत उपचार चालू असताना गाठ काही काळ मोठी होऊ शकते किंवा नवी गाठ दिसू शकते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने दाखवलेली ती प्रतिक्रियाही असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवावे, पण औषध चालू ठेवावे.

सहावी पायरी: चुकलेला दिवस, स्थलांतर आणि तुटवडा

एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर आठवण होताच त्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. राहिलेला दिवस शेवटी वाढतो, कारण दिनदर्शिका संपण्यापेक्षा १६८ डोस पूर्ण होणे महत्त्वाचे आहे. महिनाभर किंवा अधिक खंड पडला, तर घरी उरलेल्या गोळ्या आपणहून सुरू न करता आधी थुंकी पुन्हा तपासून घ्यावी, कारण मधल्या काळात जंतूंनी औषधांना दाद देणे थांबवलेले असू शकते.

बीड, अहिल्यानगर, जालना भागातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. सहा महिन्यांचा उपचार नेमका या मुक्कामांत सापडतो. प्रत्येक रुग्णाची नि-क्षय या संगणकीय नोंदणीत एक ओळख असते. तो क्रमांक जवळ असेल, तर फडाजवळच्या आरोग्य केंद्रातूनही पुढचे औषध घेता येते. निघण्याच्या आठवडाभर आधी आशाताईंना ठिकाण सांगावे, कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि किमान एका महिन्याचा साठा सोबत न्यावा. पंढरीच्या वारीला पायी जाणाऱ्यालाही हेच लागू आहे. १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावरही मदत मिळते.

औषधाचा तुटवडाही होऊ शकतो. २०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने राज्यांना काही काळ स्थानिक पातळीवर औषधे विकत घेण्यास सांगितले होते. अशा वेळी एकत्रित गोळीऐवजी सुटी औषधे मिळाल्यास चारही, किंवा टप्प्यानुसार तीनही, औषधे हातात आल्याची खात्री करूनच दुकान किंवा केंद्र सोडावे. त्यांतली दोनच मिळाली म्हणून तीच घेत राहणे सर्वांत वाईट. लगेच जिल्हा क्षयरोग केंद्राशी संपर्क साधावा. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या रुग्णाचीही नोंद सरकारकडे करणे २०१२पासून बंधनकारक आहे आणि त्या नोंदीमुळे त्याला सरकारी तपासण्या व औषधेही मिळू शकतात.

सातवी पायरी: तपासण्या आणि शेवट

खोकला आणि ताप बहुधा काही आठवड्यांतच कमी होतात आणि रुग्णाला बरे वाटू लागते, पण सुस्तावलेले जंतू शरीरात जिवंत असतात; पुढचे महिने त्यांच्यासाठी आहेत. दोन महिने संपताना आणि उपचार संपताना थुंकीची तपासणी करून घ्यावी. दुसऱ्या महिन्याअखेर जंतू दिसले, तर ते कोणत्या औषधांना दाद देतात याची तपासणी मागावी. उपचार चालूनही प्रकृती खालावत असेल, तेव्हा त्याच औषधांत एखादे नवे औषध तेवढे वाढवणे घातक ठरते, कारण जंतूंच्या दृष्टीने ते एकट्या औषधाचेच उपचार असतात.

नि-क्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४पासून दरमहा ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे. बँक खात्याची माहिती पहिल्याच आठवड्यात द्यावी. घरातील सर्वांची तपासणी व्हावी आणि ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक उपचाराबाबत विचारावे. तो सहा महिने रोज आयसोनियाझिड किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेंटिन असा असतो. रुग्णाची ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क आणि उघड्या खिडक्या अधिक उपयोगी पडतात.

शेवटचा डोस झाल्यावर गोळ्या उरल्या असतील, तर त्या आरोग्य केंद्रात परत द्याव्यात. शेजारच्या खोकणाऱ्या माणसाला देऊ नयेत. त्यानंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला जाण्याच्या तारखा त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवाव्यात, आणि मधल्या काळात दोन आठवडे खोकला टिकला, ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थुंकी तपासून घ्यावी.